त्या डोहाळजेवणाचा निळा पंच

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. एकदा गोदाघाटावर जाऊन पायरीवर बसले. म्हटलं, निदान इथे तरी मनातल्या मनात एकदा नीट उच्चारावं — तर शेजारी कुणाचे तरी विधी चालले होते आणि मला वाटलं, गुरुजींना ऐकू जाईल. मनातलं! तशीच उठले, भाजी घेतली आणि घरी आले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून आज धीर करतेय. पण एकदम मुद्द्यावर ये म्हणू नका. जरा आडवळणाने येऊ द्या मला.

मी पंच करते. हसू नका, हा माझा उद्योग आहे. वाढदिवस, साखरपुडे, बारशी, रिटायरमेंट — बाराही महिने. काचेचा भला मोठा बाउल, त्यात फळांचा रस, फोडी, पुदिना, सोडा आणि वर तरंगणारा बर्फ. माझा नवरा त्याला ‘फळांची आमटी’ म्हणतो. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. चहा सोडून जगात दुसरं काही पिण्यासारखं आहे हे त्याला मान्यच नाही. म्हणू दे. पंचवटीत आमच्या बाजूला कुणाकडे कार्य निघालं, की आधी मला फोन येतो आणि मग केकवाल्याला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेरूचा पंच, ग्लासच्या कडेला तिखट-मीठ लावून. द्राक्षं उतरायला लागली की निफाडकडची काळी द्राक्षं, थोडं आलं आणि काळं मीठ. लग्नसराईत कैरी नाहीतर कलिंगड. पावसाळ्यात जांभूळ — त्याने सगळ्यांच्या जिभा जांभळ्या होतात आणि म्हातारी माणसंसुद्धा एकमेकांना जिभा काढून दाखवतात. कोजागरीला ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी संत्र्याचा, केशर घालून. आणि वर्ष संपताना दोन बाउल, एक वाइन घातलेला मोठ्यांचा, एक साधा पोरांचा, आणि दोन्हींच्या मध्ये ओगराळं घेऊन मी उभी, पहारेकऱ्यासारखी. मला हे सगळं फार आवडायचं. लोक घोट घेतात आणि डोळे मोठे करतात ना, त्या क्षणासाठी मी जगायचे म्हटलं तरी चालेल. आता हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येते.

आणि बर्फ. बर्फाबद्दल बोलायलाच हवं.

माझी ख्याती बर्फाची होती. बाजारचा बर्फ मी वापरत नसे. फिल्टरचं पाणी उकळायचं, गार करायचं, स्टीलच्या डब्यांमध्ये ओतायचं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या, पुदिन्याची पानं, डाळिंबाचे दाणे सोडायचे आणि फ्रीझरमध्ये गोठवायचं. ते ठोकळे बाउलमध्ये तरंगायला लागले की बायका मोबाइल काढायच्या. माझ्या कार्डावर छापलंय — ‘बर्फसुद्धा घरचा’. भिशीत मी बायकांना शिकवायचे, की बाहेर गेलात तर बर्फाकडे बघा. पांढरा असेल तर खायचा, निळसर असेल तर तो बाटल्या नाहीतर मासे गार करायचा. कुठल्याही पाण्याचा असतो तो. कुणी चुकून तोंडात घालू नये म्हणूनच त्यात निळा रंग टाकतात. हे मी शिकवत होते. मी! म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही.

आता शोभाबद्दल सांगते. इथून पुढे मला जड जाणार आहे.

शोभा माझी मैत्रीण. भिशीत ओळख झाली आणि मग अशी जुळली, की घरात कुणाशी भांडण झालं की मी तिच्याकडे जायचे आणि तिचं झालं की ती माझ्याकडे. तिचं माहेर मखमलाबादच्या बाजूचं, भाजीपाल्याचा मळा. मेथी, कोथिंबीर, पुदिना, झेंडू — तिचा भाऊ रोज पहाटे माल घेऊन बाजारात येतो. माझ्या पंचमधला पुदिना पहिल्यापासून त्या मळ्यातला. शोभाच आणून द्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. तिला दोन मुली. मोठी सून म्हणून घरातलं सगळं तिच्या अंगावर, आणि तिच्या सासूबाई — मंदाकाकू — यांच्या तोंडी मात्र कौतुक धाकट्या सुनेचं, मेघनाचं. शोभाला त्याचं काही वाटायचं नाही. खरंच नाही. मेघनाला दिवस गेले तेव्हा सगळ्यात जास्त शोभाच नाचली होती. मेघनाला उलट्या व्हायच्या तेव्हा तिची कपाळपट्टी धरून बसायची ती.

मेघनाच्या डोहाळजेवणाचा पंच मी करावा असं शोभानेच घरात ठरवलं. मेघनाला डोहाळे लागले होते पाणीपुरीचे. तेव्हा पाणीपुरी शोभा स्वतः करणार, घरचं पाणी घालून, तिच्या हातची. आणि पंच माझा. भर उन्हाळा. एका लॉन्सवर कार्यक्रम. फुलांची वाडी, झोपाळा, आणि हल्लीच्या पद्धतीने गुलाबी-निळ्या फुग्यांची कमान — मुलगी की मुलगा, ओळखा पाहू. पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या होत्याच, शिवाय हे.

आदल्या दिवशी आमच्या गल्लीतलं रोहित्र जळालं. दुपारी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाही. नवरा वीज केंद्रात आणि घरात मेणबत्त्या — आम्ही त्यावर हसलोसुद्धा. हसले, कारण फ्रीझर उघडून बघितला नव्हता. सकाळी उघडला तर डब्यांमध्ये पाणी आणि पाण्यावर सुजलेल्या पाकळ्या.

मी काय काय करू शकले असते, सांगू? शोभाला फोन करून सांगू शकले असते, की बाई, बर्फ नाही, पंच जरा कमी गार असेल. काय झालं असतं? चार बायका म्हणाल्या असत्या, यावेळी तेवढी मजा नाही आली. बस, एवढंच. बाजारात खायचा बर्फ शोधला मी, फोन केले. लग्नाची तिथी होती, सगळ्यांचा बर्फ आधीच ठरलेला. मग लॉन्सवर पोचले. पंच तयार केला, शहाळ्याचं पाणी, लिंबू, पुदिना. मेघनाला शहाळं आवडतं म्हणून. चव घेतली. चव छान होती, पण कोमट. एवढ्यात मंदाकाकू येऊन घोटभर चाखून गेल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “वैशाली, तुझं नाव एवढं ऐकलं, पण हे काही गार नाही गं.” त्यांच्या बहिणी शेजारी होत्या. त्या हसल्या. तेवढंच. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंडपाच्या मागे टेम्पो उभा होता. पिण्याच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या मोठ्या टबांमध्ये ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर टाकायला बर्फाच्या लाद्या आल्या होत्या, गोणपाटात गुंडाळून. मी टेम्पोवाल्याकडे एक लादी मागितली. तो म्हणाला, “बाटल्यांनाच ना, ताई? हा खायचा नाय हां.” मी म्हणाले, “हो हो, बाटल्यांनाच.”

गोणपाट उघडलं. लादी निळसर होती.

निळसर होती. मी डोळ्यांनी बघितली. तो रंग कशासाठी असतो हे त्या अख्ख्या लॉन्सवर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. माझ्यासारखीला थांबवायलाच तो घातलेला असतो ना? आणि मी काय केलं — मी थांबले, हे खरं आहे, थोडा वेळ त्या लादीकडे बघत थांबले — आणि मग माझ्या डोक्यात आलं, की या पांढऱ्या पंचात हे निळे तुकडे दिसणार. बस. पोटुशी बाई ते पिणार आहे, हे डोक्यात आलं नाही. दिसणार, एवढंच आलं. माझ्या पिशवीत निळं सिरप असतं, मुलांच्या वाढदिवसांना लागतं. ते मी अख्खं बाउलमध्ये ओतलं. पंच निळाशार झाला. मग त्यात बर्फ फोडून टाकला आणि कुणाला काही म्हणजे काही कळलं नाही. वर पुदिन्याची पानं पसरली, लिंबाच्या चकत्या तरंगवल्या. इतका सुंदर पंच मी आयुष्यात केला नव्हता.

सगळ्या धावत आल्या. फोटोच फोटो. आणि मंदाकाकूंनी टाळी वाजवली, “अगं बाई, निळा! म्हणजे मुलगाच!” मी काय करायला हवं होतं? मी हसले. हातात ओगराळं घेऊन, जरा नाटक करत मी म्हणाले, “मग काय काकू, पंचच सांगतोय.” त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतःच्या हाताने मेघनाला ग्लास दिला. तो संपल्यावर दुसरा दिला. मेघना म्हणत होती, आई, पोटात जागा नाही, आत्ताच केवढ्या पाणीपुऱ्या खाल्ल्यात. काकू म्हणाल्या, पी गं, नातू पितोय. सगळ्या हसल्या. मी दुसऱ्या ग्लासमध्ये बर्फाचे दोन तुकडे जास्त टाकले. उन्हाळा होता ना. तिला बरं वाटावं म्हणून.

शोभाने पंच घेतला नाही. ती पुऱ्या फोडून भरून देत होती, हात ओले, घामाने निथळलेली, मध्येच स्वतःचं पाणी चाखून मीठ बघत होती. मी तिच्यासाठी ग्लास भरून नेला तर म्हणाली, “ठेव, मी नंतर पिते.” नंतर तो कुणीतरी दुसऱ्यानेच उचलला.

मग महिना गेला. जरा जास्तच. अशा आजाराला वेळ लागतो, हे मला नंतर कळलं. आधी मंदाकाकूंच्या एका बहिणीला कावीळ झाली. मग शेजारच्या दोघींना. मग मेघनाला. मेघनाला नववा लागलेला. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट असते म्हणे. तिला आयसीयूत ठेवलं. बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. मेघना कशीबशी वाचली; पुढे कितीतरी दिवस ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

तुम्ही म्हणाल, बर्फामुळेच झालं हे कशावरून? मी स्वतःला हे किती वेळा विचारलंय! पाणीपुरीचं पाणी असेल, पुदिना असेल, उन्हाळ्यातलं नळाचं पाणी असेल. पण त्या दिवशी सामान ने-आण करायला आलेल्या माझ्या नवऱ्याने पाणीपुरीला हात लावला नव्हता. त्याला पित्त होतं, म्हणून तो लांबच राहिला. सामान गाडीत भरताना मात्र त्याने बाउलमधला उरलेला पंच, विरघळलेल्या बर्फासकट, तोंडाला लावला होता. “आज तुझी आमटी गार आहे बरं का,” म्हणाला होता. आणि एका सकाळी दाढी करताना त्याने मला हाक मारली, बघ गं, माझे डोळे पिवळे दिसतात का?

मी काय केलं? डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं, तर त्याच्या आधी मीच बोलले, की कामावर जाताना टपरीवर चहा पितात. आणि आराम हवा म्हणून त्याला सिन्नरला नणंदेकडे पोचवलं. आराम घरी झाला नसता का? झाला असता. पण गल्लीत कळलं असतं, की पाणीपुरी न खाल्लेल्या माणसालाही कावीळ झाली. नणंदेने त्याला उसाचा रस, ताक, मऊ भात करून घातला, तो बरा झाला, आणि त्याला अजून वाटतं की बायकोने काळजीपोटी हवापालटाला पाठवलं होतं. माझी किती काळजी करते, असं तो चारचौघांत सांगतो. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजले.

आणि शोभाला काहीच झालं नाही. दिवसभर स्वतःचं पाणी चाखणारी शोभा धडधाकट राहिली. एखाद्याने नीट विचार केला असता तर याच गोष्टीवरून तिची सुटका झाली असती. पण घरात मरण झालेलं असताना नीट विचार कोण करतं? उलटच झालं. सगळे आडवे पडले आणि हिला कशी काही नाही, असं सुरू झालं. हिला मुलीच, म्हणून हिला बघवलं नाही, असं म्हणणाऱ्याही दोघीतिघी निघाल्या. माझ्या कानांनी ऐकलं मी. भिशीतच ऐकलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि दुसरा विषय काढला.

इथवर मी तुम्हाला बर्फाचं सांगितलं. बर्फ टाकला हा माझा मूर्खपणा होता, माझा माज होता. पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते हे नाही. ते आता सांगते. सांगितलंच पाहिजे.

मेघना दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले. न जाऊन कसं चाललं असतं? पुढच्या खोलीत मंदाकाकू, त्यांच्या बहिणी, मेघनाचा नवरा. शोभा आतून चहाचा ट्रे घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. तिला कुणी पुढे ये म्हणालं नाही. बोलणं पुदिन्यावर चाललं होतं. मळ्यातला पुदिना, नाल्याचं पाणी सोडत असतील, कोण बघायला जातंय! जेवण गरम होतं, प्यायच्या बाटल्या सीलबंद होत्या. मग कच्चं असं राहिलं काय, तर पाणीपुरीचं पाणी आणि पंच. हे मेघनाच्या नवऱ्याने शांतपणे म्हटलं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मंदाकाकूंनी विचारलं, “वैशाली, तुझ्या पंचातही हिच्याच माहेरचा पुदिना असतो ना?”

होता. त्या दिवशी सकाळी शोभाने एकच जुडी माझ्यासमोर दोन भागांत केली होती. अर्धी तिच्या पाण्याला, अर्धी माझ्या पंचाला. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. बर्फाचं सांगायची हिंमत नव्हती, ठीक आहे, भेकड म्हणा मला. पण निदान ‘हो’? मग संशय दोघींवर वाटला गेला असता. ती एकटी पडली नसती. एक अक्षर होतं ते.

मी म्हणाले, “नाही काकू. त्यांच्याकडून घेणं मी कधीच बंद केलंय. तिथलं पाणी मला बरोबर वाटत नाही.”

माझा बर्फ घरचा, पाणी उकळलेलं, पुदिना दुसरीकडचा — माझ्यावर कुणी बोट ठेवायचं कारणच उरलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला, जिची सख्खी मैत्रीण म्हणते की तिच्या माहेरचं पाणी बरोबर नाही, तिचं काय उरलं? मी शोभाकडे बघितलं नाही. ट्रेमधल्या कपांचा आवाज तेवढा ऐकला. ती एवढंही म्हणाली नाही, की अगं, मी स्वतः तुझ्या हातात दिला ना. चहा ठेवून ती आत गेली.

त्यानंतर त्या घरात शोभाच्या हातचं पाणी कार्याला चालेनासं झालं. रोजचा स्वयंपाक चालतो — तो कोण करणार दुसरं? पण कुणी पाहुणे आले, काही सण-समारंभ असला, की मंदाकाकू म्हणतात, शोभा, तू राहू दे. ती मागे भांड्यांपाशी उभी राहते. तिच्या मुलींना एका लग्नात कुणीतरी विचारलं, तुमच्याच आईने केली होती ना ती पाणीपुरी? थोरलीने तेव्हापासून लग्नाला जाणं सोडलंय. भावाचं गिऱ्हाईक तुटलं. त्याने पुदिन्याचे वाफे मोडले आणि तिथे दुसरं काही लावलं. बहिणीशीही तो नीट बोलेना. आपल्या मळ्याबद्दल तू कुणाकुणाला काय काय सांगितलंस, म्हणाला तिला.

आणि माझं? माझं उत्तम चाललंय. नाव वाढलं. ‘वैशालीताई काळजी घेतात,’ असं लोक एकमेकांना सांगतात. त्या दिवसाचे फोटो अजून कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. बायका म्हणतात, तो निळा करा ना आमच्याकडे. मी म्हणते, निळा आता करत नाही. कारण कुणी विचारत नाही. संक्रांत येते, पेरू येतात, द्राक्षं येतात, मी ओगराळं घेऊन उभी राहते. एखादी पोटुशी बाई ग्लास पुढे करते तेव्हा मला वाटतं, तिच्या हातातून तो हिसकून घ्यावा, ओरडावं, माझ्या हातचं पिऊ नका! ओरडत नाही. भरून देते. रात्रंदिवस हे छातीवर घेऊन जगायचं कसं, मला कळत नाही; आणि तरी सकाळ झाली की मी फळं चिरायला बसते. सांगायला गेले तर काय होईल? बाळ परत येणार नाही. पण शोभा परत येईल. तिला तिचं घर परत मिळेल, एवढं मला नक्की ठाऊक आहे. आणि तरी मी जात नाही. तिचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गेल्या महिन्यात मेघनाला मुलगी झाली. दोघी छान आहेत. बारशाचा पंच माझ्याकडेच आला. मंदाकाकूंनी स्वतः फोन केला. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात शोभा. एवढ्या वर्षांत ती माझ्या दारात आली नव्हती. केस पांढरे झालेत तिचे. तिला बघून मला वाटलं, आली. आता ही मला विचारणार, की तू तेव्हा खोटं का बोललीस? आणि तुम्हाला खरं सांगते — मला सुटल्यासारखं वाटलं. विचार, शोभा. एकदा विचार. विचारलंस तर मी सगळं ओकून टाकीन, असं मनात म्हणत मी तिला स्वयंपाकघरात नेलं, बसवलं, पाणी दिलं.

तिने पाण्याचा पेला हातात नुसता फिरवला. मग खाली बघत म्हणाली, “तू त्या दिवशी खोटं बोललीस ते बरं केलंस, वैशाली. मला तेव्हा लय लागलं. पण मग घरी जाऊन विचार केला, पुदिना तर आमचाच होता. तुझ्या पंचाला मीच दिला ना तो? माझ्या पायी तुझं पण नाव गेलं असतं.” आणि तिने माझा हात धरला. “लेकरू गेलं ते माझ्याच हातानं. ते आता काय फिटायचं नाय. पण तुझं तरी मन साफ हाय ना माझ्यावर? बारशाला मागं कुठंतरी उभी राहीन मी. तू बघून तोंड नको फिरवू, एवढंच म्हणायला आले.”

ती रडत होती. तिचा हात माझ्या हातात होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, गॅस बंद होता, बाहेर कुणाची चाहूल नव्हती, आणि सगळं सांगायला याहून चांगली वेळ देवाने मला दुसरी कुठली दिली असती?

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “जाऊ दे, शोभा. माझ्या मनात काही नाही.”

मी तिला माफ केलं.